घड्याळ मनगटावर, बोटं नाडीवर

"डॉक्टर, स्वस्तातलं कुठलं स्मार्टवॉच घेऊ?" हा प्रश्न हल्ली ओपीडीत वरचेवर येतो. मी स्वतः पाइनटाइम वापरतो. मूळ किंमत साधारण २७ डॉलर. त्याचं इन्फिनिटाइम हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे ते कोणालाही वाचता, तपासता येतं. सोबतचं गॅजेटब्रिज अॅप नोंदी फोनमध्येच ठेवतं, कुठे खातं उघडावं लागत नाही. रुग्णाची माहिती जपायची सवय असलेल्या माणसाने स्वतःची का उधळावी?

पण एक अनुभव सांगतो. मागच्या वर्षी एक आजोबा आले. थकवा होता, पण चिंता नव्हती. मुलाने दिलेलं महागडं घड्याळ दाखवून म्हणाले, "बघा, ७४. सगळं ठीक!" मी नाडीवर बोटं ठेवली. ठोके कधी घाईत, कधी अडखळत. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं. यात हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो. रक्त पातळ करणारं औषध लगेच सुरू केलं.

घड्याळाचा हिरवा प्रकाश त्वचेखालच्या रक्ताचा चढउतार टिपतो. पडद्यावर येते ती बहुधा सरासरी. ७४ खरं असूनही लय बिघडलेली असू शकते.

म्हणून घड्याळ जरूर घ्या, पावलं मोजा, रोज चाला. मात्र धडधड, चक्कर, दम लागणं, छातीत दुखणं यांपैकी काहीही जाणवलं, तर आकडा कितीही चांगला असो, डॉक्टरांकडे जा. मीसुद्धा रविवारी सकाळी घड्याळ काढून ठेवतो आणि पूर्ण एक मिनिट स्वतःची नाडी मोजतो.