मामाच्या पायांचा हिशेब

पायाला मुंग्या येणं हे आपल्यासाठी किती किरकोळ प्रकरण असतं! खुर्चीत मांडी घालून तासभर लॅपटॉप बडवायचा, पाय बधिर झाला की दोनदा आपटायचा आणि पुढच्या मेलला लागायचं. मुंग्या आल्या तशा जातात. पण गेल्याच नाहीत तर? रात्री अंथरुणात आल्या आणि सकाळच्या चहापर्यंत मुक्कामी राहिल्या तर?

हा प्रश्न मला पडला तो मामामुळे. वय ६३, बेस्टमधून रिटायर झालेला कंडक्टर, राहायला परळला. ब्लडप्रेशरनं त्याच्या दोन्ही किडन्या निकामी केल्या, त्याला आता तीन वर्षं होतील. बुधवारी आणि शनिवारी डायलिसिस. मामेभाऊ आयटीत, मामेबहीण बँकेत आणि मी फ्रीलान्सर. फ्रीलान्सर म्हणजे घरच्यांच्या डिक्शनरीत ‘रिकामी’. त्यामुळे बुधवारची ड्यूटी आपोआप माझ्याकडे आली.

डायलिसिस सेंटर मला हॉस्पिटलपेक्षा लोकलच्या डब्यासारखं वाटतं. तेच चेहरे, तीच ठरलेली जागा, ‘आज उशीर झाला का हो?’ अशी चौकशी. चार तास एकत्र काढायचे म्हटल्यावर गप्पा होणारच. गंमत म्हणजे या गप्पांत किडनी फारशी नसतेच. विषय असतो पाय. एका काकूंच्या पायांची रात्री आग होते, झोप म्हणून लागत नाही. पलीकडच्या आजोबांना पाय एका जागी ठेवताच येत नाहीत. हलवले की बरं वाटतं, थांबवले की आतून कुणीतरी ओढतंय असं होतं. आता मशीनला जोडलेला माणूस उठून फेऱ्या तरी कशा मारणार?

गेल्या पावसाळ्यात मामा भाजी घेऊन घरी आला तो एका चपलेवर. दुसरी चिखलात कुठेतरी राहिली आणि याला पत्ताच नाही! मामीनं त्याच्या वेंधळेपणाचा यथेच्छ उद्धार केला. मामा गप्प. नंतर गॅलरीत हळूच मला म्हणाला, “बाय, पायात मोजे घातल्यासारखं वाटतं गं. पण मोजे तर घातलेलेच नसतात.”

पुढच्या बुधवारी मी हे वाक्य जसंच्या तसं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मामाच्या अंगठ्यांवर कंपन करणारा चिमटा टेकवला, तळव्यांना कापूस लावला, गुडघ्यावर आणि घोट्यावर हातोडी मारून बघितली आणि नर्व्ह कंडक्शन टेस्ट लिहून दिली. या टेस्टमध्ये त्वचेवरून छोटे छोटे करंट देऊन नर्व्ह संदेश किती वेगानं नेते ते मोजतात. मामा म्हणाला, “लाइटबिल बघून फुकट शॉक लागतो, इथं पैसे मोजून घ्यायचा!” रिपोर्ट आला : युरेमिक न्यूरोपथी.

नाव भारी आहे, प्रकार समजायला सोपा आहे. किडनी बंद पडली की जी घाण लघवीवाटे जायची ती रक्तात साचते आणि हळूहळू मज्जातंतूंना इजा करते. आपल्याकडे ‘नस’ म्हटलं की रक्तवाहिनी की मज्जातंतू हा घोळ कायमचा. इथे बोलतोय ते मज्जातंतूंबद्दल, म्हणजे शरीराच्या वायरिंगबद्दल. सगळ्यात लांब वायर सगळ्यात आधी खराब होते. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारी नर्व्ह जवळपास मीटरभर लांब असते, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. दोन्ही पायांना सारखीच, मोज्यासारखी वर चढत जाणारी. काहींना तर गार वस्तू चक्क गरम लागते. बऱ्याच पुढे गेल्यावर पाळी हातांची. टेस्ट केली तर डायलिसिसवरच्या बहुतेक पेशंटमध्ये याच्या कमी-जास्त खुणा सापडतात. म्हणजे सेंटरमधल्या त्या काकू आणि ते आजोबा ‘वयानं’ कुरकुरत नव्हते!

मग डायलिसिस चालू असताना हे होतंच कसं? हा प्रश्न डायलिसिसइतकाच जुना आहे. १९६० मध्ये अमेरिकेतल्या सिएटलमध्ये डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायमची बसवता येईल अशी टेफ्लॉनची नळी वापरली आणि किडनी निकामी झालेल्या माणसाला वर्षानुवर्षं डायलिसिसवर जगवणं शक्य झालं. त्यांचे पहिले पेशंट क्लाइड शील्ड्स त्यानंतर ११ वर्षं जगले. पण त्या सुरुवातीच्या काळातच डॉक्टरांच्या लक्षात आलं, की डायलिसिसचे तास कमी पडले तर माणूस जगतो, पण त्याचे पाय सुन्न आणि लुळे पडत जातात. तास वाढवले की ही घसरण थांबते. पुढे आणखी एक कोडं समोर आलं. पोटातून डायलिसिस करणाऱ्यांचे युरिया-क्रिएटिनिनचे आकडे जास्त असूनही त्यांच्या नर्व्ह तुलनेनं बऱ्या दिसत होत्या. त्यातून १९७०च्या दशकात कल्पना पुढे आली, की खरा गुन्हेगार युरिया नसून त्याच्यापेक्षा मोठे, मध्यम आकाराचे रेणू असावेत. छोटे रेणू मशीनमधून पटकन निघून जातात, मोठ्यांना वेळ लागतो. युरिया म्हणजे सडाफटिंग प्रवासी, हे रेणू म्हणजे सामानासकट निघालेलं कुटुंब. त्यांना उतरायला वेळ हवा.

मामाला हे मी त्याच्या भाषेत सांगितलं. आठवड्याचे तास १६८. निरोगी किडन्या सगळे १६८ तास ड्यूटीवर. आठवड्यातून दोनदा चार तास मशीन म्हणजे आठ तास. तीनदा केलं तर बारा. मामा हिशेबाचा पक्का. म्हणाला, “म्हणजे १६० तास गाडी कंडक्टरशिवाय?” अगदी तेच!

साधारण पद्धत आठवड्यातून तीनदाची. आपल्याकडे मात्र दोनदावर भागवणारे पुष्कळ. कारण पैसा, अंतर आणि सोबतीला माणूस नसणं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, त्यामुळे पैशाचा भार काहीसा हलका होतो. सोबतीची योजना मात्र सरकार काढू शकत नाही.

दुसरी गोष्ट पोटॅशियमची. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत ते रक्तात वाढत जातं. सिडनीच्या संशोधकांनी डायलिसिसच्या आधी आणि नंतर पेशंटच्या नर्व्ह तपासल्या आणि २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. आधी नर्व्हची विद्युत स्थिती बिघडलेली, तीही पोटॅशियमच्या पातळीशी जुळणारी, आणि डायलिसिसनंतर बरीचशी सुधारलेली. आणि आपण पेशंटला भेटायला जाताना काय नेतो? शहाळं! पोटॅशियमनं काठोकाठ भरलेलं. नर्व्हचं सोडा, वाढलेलं पोटॅशियम हृदयही बंद पाडू शकतं. मामीनं आता दारातच सांगायला सुरुवात केली आहे, “शहाळं तुम्हीच प्या, आम्हाला नुसत्या गप्पा चालतील.”

तिसरी गोष्ट केमिस्टकडच्या ‘नसांच्या गोळी’ची. आग कमी करायला प्रीगॅबलिन, गॅबापेंटिन अशी औषधं देतात. पण ती शरीराबाहेर टाकतात किडन्याच. किडनी बंद असताना नेहमीचा डोस घेतला तर माणूस गुंगीत जातो, तोल जाऊन पडतो. त्यामुळे शेजाऱ्याची गोळी आपल्याला चालत नाही. व्हिटॅमिनचंही तसंच. डायलिसिसमध्ये काही बी व्हिटॅमिन्स वाहून जातात म्हणून डॉक्टर ती देतात, पण बी-६चा अतिरेक स्वतःच नर्व्ह बिघडवतो.

हाताला मुंग्या आल्या तर कारण वेगळंही असू शकतं. बरीच वर्षं डायलिसिस झालेल्यांमध्ये एक प्रथिन मनगटात साचून नर्व्ह दाबली जाते. फिस्टुला केलेल्या हाताकडचा रक्तपुरवठा कमी झाला तरी मुंग्या येतात. आणि फिस्टुलाच्या ऑपरेशननंतर लगेच हात दुखायला, लुळा पडायला लागला तर सकाळची वाट बघायची नाही, तेव्हाच्या तेव्हा डॉक्टर गाठायचे.

मामाला खरी धास्ती हातांचीच होती. ३४ वर्षं त्यानं धावत्या बसमध्ये, न बघता, नुसत्या बोटांनी सुट्टे पैसे मोजले. पायांचं त्यानं मनाला लावून घेतलं नाही, पण बोटं गेली तर? म्हणून रोज रात्री तो डब्यातली नाणी काढतो, डोळे मिटून रुपया कुठला, दोनचं कुठलं, पाचचं कुठलं ते ओळखतो. त्याची स्वतःची फुकटातली टेस्ट.

डॉक्टरांनी तिसरं डायलिसिस वाढवलं, सोमवारचं. मग घरात मीटिंग बसली, कारण तिसरा दिवस म्हणजे येण्याजाण्यासकट आणखी सहा तास. शनिवार मामेबहिणीचा, बुधवार माझा. सोमवार मामेभावानं मॅनेजरशी बोलून घेतला. तो आता मामाशेजारी लॅपटॉप उघडून बसतो. ‘वर्क फ्रॉम डायलिसिस’ हे त्यानंच ठेवलेलं नाव.

सहा महिन्यांनी पायांची आग बरीच कमी आहे, मामा रात्री सलग चार-पाच तास झोपतो. अंगठ्यांचा बधिरपणा मात्र गेलेला नाही. डॉक्टरांनी हे आधीच स्पष्ट सांगितलं होतं. डायलिसिस बहुतेकदा बिघाड रोखतं, गेलेलं परत आणतंच असं नाही. ते काम जास्त चांगलं करते बसवलेली नवी किडनी, कारण ती १६८ तास काम करते. मामाचं नाव वेटिंग लिस्टवर आहे. तोवर रोज रात्री तळवे आरशात बघायचे, चपलेशिवाय फिरायचं नाही, गरम पाण्याची पिशवी पायाला लावायची नाही.

तुमच्याही घरात, नात्यात, ऑफिसातल्या कुणाच्या घरी असं कुणीतरी असेल. क्रिएटिनिन किती आलं हे आपण विचारतोच. पाय कसे आहेत, हेही विचारा. ‘वयच झालंय’ असं उत्तर आलं तर ते तिथेच न सोडता डॉक्टरांपर्यंत न्या. आणि जमलं तर आठवड्यातला एक वार मागून घ्या.