काय आणले यापेक्षा कशासाठी आणले

दादरच्या आमच्या अभ्यासवर्गात मागच्या रविवारी बारावीतल्या एका पोराने विचारले, "सर, कॉलेजात म्हणतात, आपले संविधान परदेशातून उचललेले आहे. खरे आहे का?" मी तडकलो. "एक अक्षरही उचललेले नाही," असे ठणकावून सांगितले. घरी जाताना हिंदू कॉलनीत 'राजगृहा'समोर थांबलो आणि माझीच मला लाज वाटली. बाबासाहेबांच्या बचावासाठी मी खोटे बोललो होतो.

बाबासाहेबांना अशा बचावाची गरजच नाही. 4 नोव्हेंबर 1948 रोजी त्यांनी संविधान सभेत सरळ सांगितले की उसने घेण्यात लाजण्यासारखे काही नाही. संविधानाच्या मूलभूत कल्पनांवर कोणाची मक्तेदारी नसते. 1947 मध्ये बी. एन. राव अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि ब्रिटनला जाऊन तिथल्या जाणकारांना भेटून आले. त्यांचे श्रेयही बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात मोकळेपणाने दिले.

खरा प्रश्न वेगळा आहे. परदेशात जाणारा माणूस कोणता प्रश्न घेऊन जातो?

1882 मध्ये जपानचे इतो हिरोबुमी सम्राटाच्या आज्ञेने युरोपात गेले. बर्लिनमध्ये ग्नाइस्ट आणि व्हिएन्नात श्टाइन या विद्वानांकडे शिकले. संसद तर हवी, पण सत्ता सम्राटाच्याच हाती राहावी, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तराचा नमुना प्रशियात सापडला. 1889 चे संविधान सम्राटाने प्रजेला बहाल केले. जपानमध्येही जन्माने हीन ठरवलेले लोक होते. 1871 च्या हुकुमाने त्यांचा तो दर्जा कागदावर रद्द झाला होता, पण इतोंच्या संविधानात त्यांच्यासाठी एक ओळही आली नाही. शेवटी 1922 मध्ये क्योतोत त्यांनी 'सुइहेइशा' ही स्वतःची संघटना उभारली.

बाबासाहेब 1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. 1917 मध्ये परतले, तेव्हा एवढ्या शिकलेल्या माणसाला बडोद्यात राहायला जागा मिळेना. त्यांचा प्रश्न पुस्तकातून आलेला नव्हता. म्हणूनच आपल्या संविधानात अस्पृश्यता नष्ट करणारे कलम 17 आहे. ते कोणत्या देशातून उचलले, हे आरोप करणाऱ्यांनी सांगावे.

येत्या रविवारी मी त्या पोराला आधी माझी चूक सांगणार आहे, मग हे उत्तर देणार आहे. खोट्याच्या आधाराने बाबासाहेब मोठे होत नाहीत. आपणच लहान होतो.

जय भीम!