गोळी कुठं थांबणार?

गेल्या शनिवारी सकाळी सकाळी वडिलांचा फोन. "गावाकडं ये. डुकरांनी निम्मा भुईमूग उकरलाय. आबांच्या बंदुकीचं काय ते एकदाचं ठरवून टाकू."

आबा म्हणजे माझे आजोबा. मागच्या वर्षी गेले. त्यांची बारा बोर तेव्हापासून पोलीस ठाण्यात जमा आहे. वारस म्हणून लायसन्सला माझं नाव पुढे आलं, कारण घरातला 'शूटर' मीच! (दर रविवारी पुण्यात .२२ रायफलीनं कागदाला भोकं पाडतो, एवढंच आपलं शौर्य.) त्यात चुलतभावाचं टुमणं, "बारा बोरानं काय होतंय? .३१५ ची रायफल घे लेका."

आता इंजिनिअर म्हटल्यावर एक्सेलशिवाय निर्णय कसा होणार? तुळजापूरच्या एसटीत बसल्या बसल्या शीट केली.

.२२ ची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास. मॅचची काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा किंचित हळू ठेवतात, कारण वाटेत त्या वेगाच्या खाली उतरताना गोळी डगमगू शकते. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं. तिथे ताकद कुणाला हवीय? प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखी हवी. म्हणून मोठे नेमबाज एकाच कंपनीचे वेगवेगळे लॉट स्वतःच्या रायफलीतून झाडून बघतात आणि जमलेला लॉट साठवून ठेवतात. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचं ब्राँझ मिळवलं, ते याच चिमुकल्या काडतुसावर.

.३१५ हे मूळच्या ऑस्ट्रियन लष्करी काडतुसाचं भारतीय रूप. .३०३ लष्करी म्हणून सामान्य माणसाला बंद, त्यामुळे आपल्याकडे ही रुळली. गोळी २४४ ग्रेन, वेग सेकंदाला साडेसहाशे मीटरच्या वर. ऊर्जा काढली तर .२२ च्या साधारण पंचवीस पट!

आणि बारा बोर? नळीत बसणारे शिशाचे बारा गोळे मिळून एक पौंड, म्हणून बारा. काडतूस बदललं की बंदूकच बदलते. बारीक छर्रे पाखरांसाठी, एलजीचे मोजके मोठे गोळे डुकरासारख्या जनावरासाठी. पण नळी आतून गुळगुळीत, त्यामुळे तीस-चाळीस पावलांपुढं भरवसा नाही.

थोडक्यात, शीटमध्ये .३१५ जिंकली.

संध्याकाळी शेतात गेलो. आमचं रान सपाट. भुईमुगाच्या पुढं तुरी, तुरीच्या पुढं दोन वस्त्या, त्यांच्यामागं रस्ता. अंधार पडला तसे वस्तीवरचे दिवे लागले. आणि पंचवीस वर्षं विसरलेली... बरं, वीस म्हणू, एक रात्र आठवली.

मी सात-आठ वर्षांचा होतो. आबांसोबत माळ्यावर जागलीला बसलो होतो. डुकरांचा कळप पार वीस पावलांवर आला. आबांनी बंदूक उचलली, नेम धरला आणि तशीच खाली ठेवली. मी चिडून रडायलाच आलो. ते एवढंच म्हणाले, "पलीकडं बत्ती दिसती का? कुणीतरी पाणी देतंय. डुकराला नाही लागली तर गोळी कुठं थांबणार?" त्या रात्री भुईमूग गेला. आबा डबा बडवत बसले.

माझ्या शीटमध्ये हा कॉलमच नव्हता. रेंजवर टार्गेटच्या मागे गोळी अडवायची सोय असते, म्हणून मला तो प्रश्न कधी पडलाच नाही. बिचाऱ्या .२२ च्या डब्यावरही दीड मैलाचा इशारा छापलेला असतो. .३१५ तर कितीतरी पुढं जाईल. छर्रे त्यामानानं लवकर दम सोडतात, पण पाण्यावरच्या माणसाला तेही कमी नाहीत.

शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हौसेची शिकार संपलीच. पीक खाणाऱ्या डुकराला मारायचं तरी वनखात्याची परवानगी लागते. बंदुकीचं लायसन्स म्हणजे ती परवानगी नव्हे.

जेवताना अण्णांना सांगितलं, रायफल नको. झटका मशीनचं कुंपण करू, अर्धे पैसे मी देतो. अण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आणि आबांची बंदूक?"

त्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. वारसाचा अर्ज बॅगेत तसाच कोरा घेऊन पुण्याला आलोय.