सही करण्यापूर्वी

मैत्रिणींनो, माहेरहून आलेल्या पिशवीत काय काय असतं, हे तुम्हांला मी काय सांगावं! गेल्या भाऊबीजेला दादा साताऱ्याहून आमच्याकडे सांगलीला आला, तेव्हा पिशवीत कंदी पेढ्यांच्या पुड्याखाली एक कागद होता. ओवाळून झालं, आणि तो म्हणाला, "अगं, एकदा साताऱ्याला येऊन सही करून जा. नुसता उपचार आहे."

ते हक्कसोडपत्र होतं. अप्पा श्रावणात गेले, मृत्युपत्र न करता. घर त्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं. कागदावर माझ्याबरोबर आईचंही नाव होतं. म्हणजे तीही हक्क सोडणार होती!

रात्रभर डोळा लागला नाही. सही न करावी, तर माहेर तुटायचं. करावी, तर उद्या आईचं काय? आमची सांगलीसुद्धा वाटणीच्या भांडणातूनच वाढली. काकांशी न पटल्यामुळे चिंतामणराव पटवर्धन मिरज सोडून १८०१ साली इथं आले. पण त्यांच्याजवळ फौज होती. मी अर्धवेळ शिक्षिका, वकिलाची फी कुठून देणार?

शेजारच्या वहिनींनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं नाव सांगितलं. जिल्हा न्यायालयात त्यांचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्यानुसार बाईला तिथं मोफत सल्ला आणि वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

तिथल्या वकीलबाईंनी नीट समजावलं. हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर १९५६ च्या वारसा कायद्यानं बायको, मुलगा, मुलगी यांना सारखा हिस्सा. म्हणजे आमचे तिघांचे तीन. वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीचा हक्क जन्मानं असतो. २००५ च्या दुरुस्तीचा हा अर्थ सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली पक्का केला. हक्कसोडपत्र मात्र एकदा नोंदवलं, की मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. "सोडायचा तर खुशाल सोडा," त्या म्हणाल्या, "पण काय सोडताय, ते कळून सोडा."

साताऱ्याला जाऊन मी दादाला म्हटलं, "माझा हिस्सा मी सोडते, पण आईच्या नावे. आणि आई काहीच सोडणार नाही." वहिनी चहाचे कप उचलून आत गेल्या. दादा गप्प. त्या संक्रांतीला माहेरचा तिळगूळ आला नाही. फार रडले मी.

पण कागद मी म्हटलं तसाच झाला. पुढं आईनं मृत्युपत्रही केलं. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करायची, त्यांनीही तिच्यासमोर करायची. साक्षीदार शक्यतो ज्यांना काही मिळायचं नाही असे घ्यावेत. नोंदणीची सक्ती नाही, पण केलेली बरी. वय झालं असेल, तर डॉक्टरांचा दाखला जोडावा. त्यात कुणाला काय दिलंय, ते दादाला ठाऊक नाही, मलाही नाही. विचारलं, तर आई हसते.

राखीपौर्णिमेला दादा आला. जरा अवघडलेला होता. पेढ्यांचा पुडा होता, खाली कागद नव्हता. आईनं मेतकुटाची पुडी पाठवली होती, आणि निरोप, की यंदाची घरपट्टी तिनं स्वतः जाऊन भरली.