तारेची उंची

आमच्या घरात तीन गिटारी आहेत आणि वाजवणारे माणूस एकच. ते माणूस, म्हणजे आमची धाकटी, गेल्या मे महिन्यात नोकरीसाठी बेंगळूरला निघाली तेव्हा प्रश्न उभा राहिला, की यांतली कुठली न्यायची? भाड्याच्या एका खोलीत तीन मावणार नव्हत्या. तिने तिन्ही दिवाणावर ओळीने निजवल्या आणि मला म्हणाली, "बाबा, तुम्ही पाठ करून बसा. मी एकेक वाजवते. कुठली कुठली ते सांगणार नाही. तुम्ही नुसतं ऐकून सांगा, कुठली चांगली वाटते."

गिटारीतले मला काही कळत नाही. माझा कान घडला तो भजनातल्या पेटीवर आणि तंबोऱ्यावर. पण परीक्षा घेण्यात जन्म गेलेल्या माणसाला कुणी परीक्षक केले, की नाही म्हणवत नाही. मी भिंतीकडे तोंड करून बसलो.

त्या तिघींची ओळख आधी करून देतो. सगळ्यांत जुनी मडगावची. माझे धाकटे मामा नोकरीनिमित्त तिकडे राहत. शेजारचे ख्रिस्ती कुटुंब मुंबईला गेले तेव्हा 'सांभाळून ठेवा' म्हणून ती मामांकडे आली आणि कायमची राहिली. लहानपणी सुट्टीत गेलो असताना त्याच शेजारघरच्या लग्नात मी मांडो ऐकला होता. व्हायोलिन, घुमट आणि त्यांच्या मागून ही गिटार. तिच्या बारीक तीन तारा नुसत्या नायलॉनच्या, जाड तीन तारांवर धातूचे वेढे. पूर्वी अशा गिटारींना आतड्याच्या तारा असत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आतड्याची टंचाई झाली आणि १९४० च्या दशकात नायलॉन आले. हिची मान रुंद आणि सपाट. बोटांना ऐसपैस जागा मिळते, पण लहान हाताला कवेत घ्यायला ती अवघड.

दुसरी आमच्या थोरल्याची. तो आठवीत असताना, २०१२ साली, बेळगावातच घेतलेली. पोलादी तारा, अरुंद मान आणि नखशिखांत प्लायवूड. तिसरी धाकटीने शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून २०२१ साली घेतली. पोलादीच तारांची; पण पुढची फळी अखंड स्प्रूसची, म्हणजे थंड मुलखातल्या सूचिपर्णी झाडाची, आणि पाठ व बाजू शिसवीच्या.

पहिली वाजली तेव्हा मी क्षणात ओळखली. नायलॉनचा आवाज माजघरातून येणाऱ्या ओवीसारखा, गोल आणि दबका. मडगावची! दुसऱ्यांदा वाजली तिचा सूर नुसता येऊन गेला नाही, खोलीत फिरला. खर्जाची तार छेडल्यावर ती विझेपर्यंत मी वाट पाहिली, तर बराच वेळ ती विझेना. आमच्या तंबोऱ्याची आठवण व्हावी असा तो रेंगाळ. ही शिसवीची. तिसऱ्यांदा वाजली तिचा आवाज पटकन आला आणि पटकन गेला, उंबऱ्यावरूनच निरोप देऊन परतणाऱ्या पाहुण्यासारखा. उरली ती थोरल्याची.

तिन्ही बरोबर निघाल्या. मी विजयी मुद्रेने वळलो आणि शिसवीवर व्याख्यान सुरू केले. आमच्या आजोबांची जुनी पेटी शिसवीची आहे. कानडीत तिला बीटे म्हणतात. खानापूरकडच्या रानात हे झाड आमच्या वाडवडिलांनी पाहिलेले. ब्राझीलच्या शिसवीचे ओंडके मिळेनासे झाले तेव्हा १८३३ साली स्थापन झालेल्या मार्टिन या अमेरिकन कंपनीने १९६९ पासून भारतीय शिसव वापरायला घेतली, हे मी कुठेसे वाचले होते. मी पेटीवर टिचकी मारली, मग गिटारीच्या पाठीवर मारली. दोन्हीकडे तोच खणखणीत आवाज. "बघ, आपल्या रानातलं लाकूड बोलतंय!"

धाकटी हसली. म्हणाली, "बाबा, आवाज पाठीचा कमी, पोटाचा जास्त." मग तिने स्पेनच्या अंतोनियो दे तोरेस या कारागिराची गोष्ट सांगितली. आजच्या नायलॉनतारी गिटारीचा घाट मुख्यतः त्याने ठरवला. गिटारीचा जीव पुढच्या फळीत असतो हे दाखवण्यासाठी त्याने १८६२ साली एक गिटार केली; तिची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या! फळी मात्र लाकडाची, निगुतीने घडवलेली. ती गिटार बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. तार थरथरते, घोडी तो थरथराट फळीला देते, आणि फळी हवेला. अखंड पातळ फळी मोकळेपणाने हलते. प्लायवूडचे एकमेकांना आडवे चिकटवलेले पदर एकमेकांना धरून ठेवतात. म्हणून आवाज आखडतो. पण त्याच कारणाने प्लायवूड आपल्या पावसाळ्यात तग धरते आणि अखंड फळी मात्र दमट हवेत फुगते. प्रत्येकीचे काही चांगले, काही उणे.

एवढ्यावर हा लेख संपायला हवा होता. पण ऐकताना एक गोष्ट कानाला खटकली होती, ती मी विचारली. "थोरल्याची वाजवताना तू मधेमधे अडखळत होतीस. का?"

तिने डाव्या हाताची बोटे पुढे केली. टोकांवर लाल चरे उमटले होते. म्हणाली, "हिच्या तारा दाबतच नाहीत, बाबा. केवढ्या उंच आहेत! दादानं कशी वाजवली असेल काय की."

मी कंपासपेटीतली पट्टी आणली. मानेवरच्या बाराव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांमधले अंतर मोजले. जवळजवळ पाच मिलिमीटर. शिसवीच्या गिटारीवर ते अडीचही नव्हते. पोलादी सहा तारांचा मिळून ताण साधारण सत्तर किलोचा असतो, नायलॉनच्या तारांचा चाळीसच्या आसपास. म्हणजे मुळात कठीण तार, आणि ती दुप्पट उंचीवर.

आमच्या थोरल्याने ही गिटार चार महिने वाजवली होती. मग एके दिवशी गवसणीत घालून माळ्यावर ठेवली. बोटे दुखतात म्हणे. मी तेव्हा सहशिक्षक होतो. त्याला म्हटले, "सुरुवातीला सगळ्यांचीच दुखतात. तुझ्यात चिकाटी नाही." एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण त्याच आठवड्यात प्रार्थनेनंतरचे दोन शब्द बोलायची पाळी माझी होती. विषय घेतला चिकाटीचा. हौसेने वाद्य घेऊन चार महिन्यांत माळ्यावर टाकणाऱ्या एका मुलाचा दाखला मी दिला. नाव घेतले नाही. तो आठवीच्या रांगेत उभा होता. घरी आल्यावर तो काही बोलला नाही आणि मीही काही विचारले नाही. त्यानंतर त्याने घरात कुठल्याच वाद्याला हात लावला नाही.

जून उजाडताच ती गिटार घेऊन मी मिरजेला गेलो. सतारमेकर गल्लीत आमच्या भजनी मंडळाच्या तंबोऱ्याची जवारी जे करून देतात, त्यांच्याकडे. त्यांनी ती मांडीवर घेतली, एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली, आणि हसले.

"सर, हिच्यात वाईट काय न्हाई. कारखान्यातनं आली तशीच ऱ्हायली. तार पडद्याला घासून खरखर नको म्हणून तिथं उंच ठेवत्यात. विकताना खाली बसवून द्यायची असती, ते कुणी केलंच न्हाई. वर मान वाकली."

मग त्यांनी गंमत सांगितली. तंबोऱ्याची घोडी रुंद असते. तार तिच्यावर अलगद घासावी, म्हणून ती कानसून कानसून जवारी काढायची. त्या घासण्यातच तंबोऱ्याचा सगळा झंकार. गिटारीत तीच घासट आली की खोड ठरते. जे एकाचे लेणे ते दुसऱ्याचे लांच्छन. मानेच्या आतल्या सळीला किल्लीने पीळ देऊन त्यांनी मान सरळ केली. वरच्या टोकाच्या खाचा बारीक कानशीने खोल केल्या. घोडीवरची हाडाची पट्टी काढून कागदावर घासली. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. म्हणून तिथे एक मिलिमीटर कमी व्हायला घोडीवर दोन काढावे लागतात. घासायचे, लावायचे, बघायचे. तासाभराचे काम.

काम करता करता त्यांनी विचारले, "पोरगं किती दिवस वाजवलं ही?"

"चार महिने."

त्यांचा हात थांबला. "अशी? चार महिने? मग पोरगं लई चिवट हाय की, सर!"

मिरजेहून बेळगावपर्यंत गाडीत ती गिटार मी मांडीवर घेऊन बसलो होतो. वर ठेवायला जागा होती, पण ठेवली नाही.

जुलैत शाळेत घटक चाचणीचे निकाल सहीसाठी टेबलावर आले. नववीतल्या एका मुलाच्या शेऱ्यात होते, 'गणितात प्रयत्नांची गरज आहे.' असले शेरे मी स्वतः शेकड्यांनी लिहिले असतील. सही करण्याआधी मुलाला बोलावून घेतले. घरात आई कानडी बोलणारी, वडील दोन्ही. मी विचारले, "कुठं अडतं?" बराच वेळ तो पायांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "गणित येतंय सर. प्रश्न काय विचारलाय ते कळत न्हाई." तेच उदाहरण मी माझ्या मोडक्यातोडक्या कानडीत सांगितले. त्याने उभ्याउभ्या फळ्यावर सोडवून दाखवले. ज्या भागात घराघरात दोन भाषा एका ताटात जेवतात तिथे इतकी वर्षे शिकवून मला हे ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक होते, मोजून पाहिले नव्हते.

गणपतीला थोरला पुण्याहून आला. मी गिटार त्याच्या खोलीत कोपऱ्यात उभी करून ठेवली होती, काही न बोलता. आरती झाल्यावर खोलीतून एक सूर आला, मग दुसरा. मी दारात जाऊन उभा राहिलो. इतक्या वर्षांनीही त्याची बोटे जुन्या जागा शोधत होती आणि त्या सापडत होत्या. आवाज तोच होता, पटकन येणारा नि पटकन जाणारा. प्लायवूडचे शिसव होत नाही. पण आता त्याला अडखळावे लागत नव्हते.

त्याने तारेखाली बोट घालून पाहिले. "काय केलं हिला?"

"मिरजेला नेली होती. तारा खाली करून आणल्या. तासाभराचं काम, साडेतीनशे रुपये घेतले."

"एवढंच होतं?"

"एवढंच होतं," मी म्हणालो. आणि मग, तेरा वर्षे उशिरा, "तुझं काही चुकलं नव्हतं. मी बघायला हवं होतं."

तो काही बोलला नाही. त्याने मान खाली घातली आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवायला सुरुवात केली. मी आत जाऊन बसलो. या वेळी भिंतीकडे तोंड करून नव्हे, त्याच्या समोर.