पसंतीची यादी

चि. सौ. बेबीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. चि. मनूला सामाईक प्रवेश परीक्षेत ९६ पर्सेंटाइल मिळाले हे वाचून समाधान वाटले. परंतु पुढची तीन पाने वाचताना, परीक्षा दिली मनूने आणि जागरणे चालली आहेत तुम्हां उभयतांची, असे काहीसे चित्र डोळ्यांपुढे उभे राहिले. आयुष्याचा बराच काळ अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत घालवलेल्या माणसाकडे तू मसलत मागितली आहेस, तेव्हा थोडे सविस्तर लिहितो. रावसाहेबांसही वाचून दाखव.

प्रथम त्या आकड्याविषयी. ९६ म्हणजे शंभरात ९६ गुण अशी तुमच्या आप्तेष्टांची समजूत झालेली दिसते. वस्तुतः शंभर परीक्षार्थींपैकी सुमारे ९६ जण मनूच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या गटाच्या परीक्षेला २०२५ साली चार लाखांहून अधिक मुले बसली होती हे ध्यानात घेतले, तर तेवढ्या गर्दीत ९६ मिळवणाऱ्याच्या पुढे सोळा हजारांवर मुले उभी असतात, आणि ९६ व ९७ यांमधल्या त्या किरकोळ एका अंकात चार हजार डोकी मावतात. म्हणून गुणवत्ता यादीतला क्रमांक पाहावा, आणि गतवर्षीचे कटऑफ चाळताना ते अंदाजापुरतेच मानावे. कारण तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा उठवली, आणि जिकडे मागणी तिकडे, म्हणजे मुख्यतः संगणक शाखेकडे, जागा वाढवण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

आता मुख्य मुद्दा. रावसाहेबांनी गतवर्षीच्या याद्या पुढ्यात घेऊन, जिथे हमखास नंबर लागेल ती महाविद्यालये वर आणि मनाजोगती पण दुर्घट ती खाली, असा ऑप्शन फॉर्म वहीत उतरवून काढला आहे, असे तू लिहितेस. वरची पसंती हुकली तर यंत्र रुष्ट होऊन खालचीही नाकारील, अशी भीती त्यामागे असावी. ही भीती निराधार आहे. जागावाटप गुणवत्तेच्या क्रमाने होते. उमेदवाराची पाळी आली की त्याची यादी पहिल्या पसंतीपासून तपासली जाते, आणि त्याच्या क्रमांकाला जिथे प्रथम जागा मिळते तिथेच ती तपासणी थांबते. अर्थात, न मिळणारी जागा वर लिहिल्याने मनूचे काडीचे नुकसान होत नाही. उलट सहज मिळणारी जागा वर लिहिली की तिच्या खालच्या साऱ्या पसंत्या, मग त्या कितीही प्रिय असोत, त्या फेरीपुरत्या व्यर्थ ठरतात. २०२५ च्या नियमांप्रमाणे तर चार फेऱ्यांपैकी पहिलीत पहिल्या पसंतीची, दुसरीत पहिल्या तिहींपैकी आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी एखादी जागा पदरी पडली की ती स्वीकारणे सक्तीचे होते, पुढच्या फेऱ्यांचे दार बंद. तेव्हा सावधपणाच्या नावाखाली रावसाहेबांनी अव्वल स्थानी बसवलेले ते घराजवळचे महाविद्यालय पहिल्याच दिवशी मनूच्या गळ्यात पडले असते. यंदाची माहितीपुस्तिका तिने स्वतः अथपासून इतिपर्यंत वाचावी, आणि यादी तिनेच करावी. तीनशेपर्यंत विकल्प लिहिता येतात म्हणून तीनशे भरण्याचे कारण नाही; जिथे जाण्याची तयारीच नाही ते नाव यादीत नसावे. ही यादी करून देण्यासाठी जो गृहस्थ पंधरा हजार मागतो आहे, त्यास माझा नमस्कार सांगावा.

संगणकावाचून तरणोपाय नाही, हे मात्र मला मान्य नाही. पुण्यात १८५४ साली जो अभियांत्रिकीचा वर्ग निघाला तो सरकारी बांधकामांस हाताखालची माणसे मिळावीत म्हणून, आणि मुंबईची १८८७ ची व्हिक्टोरिया ज्युबिली संस्था, आजची व्हीजेटीआय, वाढली ती कापडगिरण्यांच्या आश्रयाने. प्रत्येक काळाचा एक लाडका धंदा असतो, आणि तो बदलल्याची वर्दी चार वर्षे आधी कोणालाच मिळत नाही. १९८३ साली वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित महाविद्यालयांस परवानगी देईपर्यंत आपल्याकडची किती तरी मुले देणग्या मोजून कर्नाटकात जात असत. आज जागांचा तो दुष्काळ नाही, पण सगळी झुंबड तीनचार शाखांवर आणि पुण्या-मुंबईच्या मोजक्या दारांशी. मनूला यंत्रांची गोडी आहे, दिवाळीत तिने पाण्याचा पंप खोलून पुन्हा जोडल्याचे तूच कौतुकाने लिहिले होतेस. मग मेकॅनिकल शाखेसाठी सांगलीचे वालचंद, कऱ्हाडचे शासकीय महाविद्यालय किंवा नांदेडची गुरुगोविंदसिंहजींच्या नावाची संस्था ही नावे वहीत नसावीत, आणि केवळ शीर्षकात ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ आहे म्हणून काल निघालेला एखादा वर्ग वर असावा, याची संगती लागत नाही.

एस.टी. स्थानकासमोर लावलेल्या महाविद्यालयाच्या फलकावर एका विद्यार्थ्याचे छायाचित्र आणि लाखांतले पॅकेज असते. उरलेल्यांचे काय झाले ते फलक सांगत नाही. राष्ट्रीय मानांकनासाठी, म्हणजे एनआयआरएफसाठी, संस्था जी माहिती सादर करतात तीत किती मुले उत्तीर्ण झाली, किती नोकरीस लागली आणि त्यांचे मध्यक वेतन किती, हे स्तंभ असतात, ते पाहावेत. नॅकची श्रेणी अख्ख्या संस्थेची असते, एनबीएची मान्यता मात्र शाखेशाखेची, ती मनूच्या शाखेला आहे ना याचीही खातरजमा करावी. आणि एकदा समक्ष जाऊन, प्राचार्यांच्या दालनात न शिरता, तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी वसतिगृहाच्या मेसमध्ये बोलावे.

राहता राहिले दाखले. अधिवास, उत्पन्न, नॉन-क्रीमी लेयर, जात वैधता, यांतला एखादा कागद अडला की मुदतीच्या आदल्या दिवशी तहसील कचेरीपुढे रांग लागते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागास वर्गातल्या मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शासन भरते, आणि तुम्ही त्यात बसता. परंतु ही सवलत केंद्रीभूत प्रवेशालाच आहे. संस्थेच्या कोट्यातून ‘एक जागा राखून ठेवतो’ म्हणणाऱ्या त्या चिटणिसांना आगाऊ रक्कम देण्यापूर्वी रावसाहेबांनी एवढे वाक्य पुन्हा वाचावे.

मनूची यादी, तिच्याच अक्षरात, मजकडे धाडून दे. घरी सर्वांस यथायोग्य.

तुझा,
दादा