उडीनंतरचं पाऊल

दिवाळी सरली की कर्जतच्या भिसेगावात मोकळी अंगणं शोधून त्यांवर चुन्याच्या रेषा पडू लागतात. दोन बांबू रोवायचे, जाळी बांधायची, वरून एक दिवा सोडायचा. सूर्य माथेरानच्या डोंगराआड गेला की वारा पडतो, आणि मग तासदोन तास बॅडमिंटनचं फूल सरळ जातं. मुलं मोबाइलवर बॅडमिंटनपटू सात्विक आणि चिराग यांचे सामने बघून आलेली असतात. सात्विकच्या स्मॅशचा वेग २०२३ साली ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यामुळे प्रत्येकाला उडी मारूनच स्मॅश करायचा असतो, अगदी सर्व्हिस नीट पडत नसली तरी.

त्यांना शिकवता शिकवता मला एक सवय लागली. मुलं खेळत असताना मी कधीकधी डोळे मिटून नुसता ऐकतो. रॅकेटचा आवाज सगळ्यांचा साधारण सारखाच येतो, पाय टेकण्याचा मात्र प्रत्येकाचा वेगळा. कुणी धप्पकन उतरतो; म्हणजे जो भार पोटरीने आणि मांडीने झेलायचा, तो सरळ गुडघ्याच्या हाडापर्यंत गेला. कुणाचे आधी चवडे टेकतात, मग टाच, मग गुडघा किंचित वाकतो, आणि बुटाच्या रबराची बारीकशी चिरक तेवढी कानावर येते. त्या मुलाकडे मी डोळे उघडून पाहतो. पावसाळ्यात आम्ही पत्र्याखाली खेळतो तेव्हा ही सोय राहत नाही, कारण कर्जतचा पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की शेजारचा माणूस काय म्हणतो तेही कळत नाही. मग मी मुलांच्या डोक्याकडे बघतो. धावताना आणि उतरताना डोकं एका पातळीत राहिलं, तर खाली पाय नीट काम करताहेत असं समजायचं.

या खेळातली सगळ्यात महत्त्वाची उडी वीतभरही उंच नसते. समोरचा फूल मारण्याच्या बेतात असतो, त्या क्षणी दोन्ही पायांनी एक हलकी उसळी घ्यायची, आणि त्याची रॅकेट फुलाला लागते न लागते तोच पाय पसरून चवड्यांवर उतरायचं. तिला स्प्लिट स्टेप म्हणतात. उतरताना मांड्या आणि पोटऱ्या ताणल्या जातात, आणि तो ताण सुटतानाच जिकडे जायचं तिकडे शरीर फेकलं जातं. लवकर उतरलात तर ताण विरून गेलेला असतो, उशिरा उतरलात तर फूल निघून गेलेलं असतं. पाहणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही. एकेरीच्या कोर्टाची आपली बाजू ५.१८ मीटर रुंद आणि ६.७० मीटर लांब. एवढ्याशा जागेचे पुढचे, मधले आणि मागचे मिळून सहा कोपरे दोनतीन पावलांत गाठायचे आणि परत मध्ये यायचं, असा सगळा मामला. यात जो उसळीशिवाय सपाट पायांवर उभा राहतो, तो पहिल्या पावलालाच हरतो. मग हात कितीही चांगला असो.

पुढच्या कोपऱ्यात लंज. ज्या हातात रॅकेट त्याच बाजूचा पाय पुढे, टाच आधी, पाऊल फुलाच्या दिशेने, गुडघा पावलाच्याच रोखाने. मागचा पाय अंगठ्याच्या कडेने घासत थोडा पुढे येऊ द्यायचा, म्हणजे परतीचं अंतर कमी होतं. हे शिकायला महिने जातात आणि त्याचं कुणी कौतुक करत नाही. मला मात्र एखाद्या मुलीने जाळीजवळचं फूल अलगद उचलून देऊन तोल न जाता परत मध्यावर पोचावं, यासारखं सुंदर दृश्य कोर्टावर दुसरं दिसत नाही.

आता मोठी उडी. मुलांना वाटतं की उडी म्हणजे वर जाणं. मी त्यांना स्टेशनाकडे बोट दाखवतो. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला थांबतात, फलाटावर दिवाडकरांच्या वड्यासाठी झुंबड उडते, आणि तेवढ्यात मागच्या टोकाला बँकर, म्हणजे रेटा देणारी इंजिनं, जोडली जातात. बोर घाटाचा चढ सदतीसास एक. पुढच्या एकट्या इंजिनाने तो चढत नाही, मागून रेटा लागतो. स्मॅशच्या उडीचंही तसंच आहे. आधी मागे, फुलाच्याही मागे पोचायचं, गुडघे वाकवून वजन मागच्या पायावर घ्यायचं, आणि तिथून वर आणि पुढे जायचं. फूल डोक्यावरून मागे गेलेलं असताना जो जागच्या जागी उडतो, त्याच्या फटक्याला हाताखेरीज काहीच मिळत नाही. मांडी, कंबर, पाठ, खांदा यांतून चढत आलेला जोर मनगटापर्यंत पोचायला सुरुवात जमिनीवरूनच व्हावी लागते.

आमच्या शेजारी एक निवृत्त इंजिनचालक राहतात. त्यांच्या बोलण्यात चढाचा विषय फारसा निघत नाही, निघतो तो उताराचा. घाट उतरताना गाडी ठरलेल्या जागी थांबवून ब्रेक ताब्यात आहेत याची खात्री करून द्यावी लागते, आणि एखादी गाडी आवरेनाशी झालीच, तर तिला वळवून चढावर चढवून थोपवण्यासाठी कॅच सायडिंगचे फाटे बांधून ठेवलेले आहेत. बोर घाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. ती बांधणाऱ्यांना चढण्याइतकीच उतरण्याचीही काळजी करावी लागली होती. बॅडमिंटनच्या पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून उडी कशी मारावी हे भरभरून सांगितलेलं असतं. उतरण्याची काळजी करणारे त्या मानाने थोडे.

वास्तविक मागच्या कोपऱ्यातल्या कात्रीच्या उडीत सगळी गंमत उतरण्यातच आहे. उजव्या हाताचा खेळाडू उजव्या पायावरून उडतो, हवेत कंबर वळते, पायांची अदलाबदल होते, डावा पाय मागे टेकतो आणि टेकताक्षणीच शरीराला पुढे ढकलतो. म्हणजे उतरणं हीच परतीच्या धावेची सुरुवात. पण तोच डावा पाय शरीराच्या फार बाहेर पडला, गुडघा आत वळला, तर एका पायावर सगळा भार येऊन गुडघ्यातला अस्थिबंध तुटू शकतो. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात कॅरोलिना मारीन पहिला गेम जिंकून दुसऱ्यातही पुढे होती, आणि तिचा उजवा गुडघा गेला. त्याआधी तिच्या दोन्ही गुडघ्यांना अशीच मोठी दुखापत होऊन गेलेली. ऑलिंपिक विजेतीचं असं होऊ शकतं, तर आमच्या सिमेंटच्या अंगणात आठवीतल्या मुलांना मी बिनदिक्कत उड्या मारू देणार नाही. पालक रागावतात, तरी नाही. सिमेंट काहीच झेलत नाही. लाकडी तक्तपोशी किंवा मॅट थोडंतरी झेलते.

हा खेळ आम्हाला लांबचा नाही. १८७०च्या दशकात पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याचे नियम लिहिले, तेव्हा त्याचं एक नाव ‘पूना’ असंच होतं. सुट्टीवर मायदेशी निघालेले ते अधिकारी याच घाटाने, याच स्टेशनावरून मुंबईच्या बंदराकडे गेले असणार. पुढे सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ साली क्वालालंपूरला सेलांगोर स्पर्धा जिंकून आले. परदेशातली स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. त्यांच्या मनगटाचं कौतुक अजून ऐकू येतं. मला वाटतं, ते मनगट मोकळं राहत होतं कारण पाय त्याला वेळेवर फुलापाशी पोचवत होते.

पण पायांची बाजू ज्याला समजून घ्यायची आहे, त्याने १९८० सालची ऑल इंग्लंडची अंतिम लढत आठवावी. एका बाजूला इंडोनेशियाचा लिम स्वी किंग, आधीच्या दोन्ही वर्षांचा विजेता, ज्याच्या उडीच्या स्मॅशला त्याच्याच नावाने ओळखत. दुसऱ्या बाजूला प्रकाश पदुकोण. बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये त्यांचा सराव झाला. लग्न असलं की सराव बंद. प्रकाशने १५-३, १५-१० असा सामना जिंकला. वेगाला वेगाने उत्तर द्यायच्या भरीस ते पडलेच नाहीत. फूल कधी हळू, कधी अर्ध्या जोराने, कधी खोल; किंगला उडी घेण्याआधी ज्या पावलाची गरज होती ते पाऊलच ते मोडत राहिले. उडी मारणाऱ्याला खाली ठेवायचं तर त्याच्या हाताशी झगडण्यात अर्थ नसतो, हे मी मुलांना या सामन्यावरून सांगतो. त्यांना स्कोअर आवडतो, बाकीचं हळूहळू पटतं.

आमच्या आळीतली एक मुलगी गेल्या पावसाळ्यापासून फुलाविनाच सराव करते आहे. मध्यातून सहाही कोपऱ्यांत जायचं आणि यायचं, शॅडो म्हणतात तो. पत्र्याखाली, हातात रॅकेट, समोर कुणी नाही. पंधरा मिनिटांत पोटऱ्या भरून येतात. सुरुवातीला ती कंटाळली होती. आता मी बोटाने कोपरा दाखवायच्या आत तिची उसळी झालेली असते. परवा तिने विचारलं, “काका, दोन्ही पायांवरून उडी कधी?”

मी म्हटलं, “मॅटवर जायला लागलीस की. आधी फुलाविना. वर जा, रॅकेट फिरव, आणि मला उतरल्याचं कळू देऊ नकोस.”

“आणि डाव्या बाजूची कात्रीची?”

“ती नंतर. आधी डाव्या एका पायावर उठाबशा काढून दाखव, गुडघा आत न वळवता.”

तिने लगेच तिथेच काढायला घेतल्या. तिसऱ्या उठाबशीला गुडघा थरथरला, तशी ती थांबली, पायाची जागा बदलली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.